शहाळ्याची सायकल कुठल्या रकान्यात

जानेवारीतली सकाळ, सहा वाजून गेले होते तरी नीट उजाडलं नव्हतं, आणि मी आमच्या चौकातल्या रसवंतीच्या बंद शटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर पॅड घेऊन बसले होते. अंगात स्वेटर, त्यावर शाल, कानाला रुमाल, असा एकूण अवतार. काम तसं सोपं, समोरून जाईल ते प्रत्येक वाहन मोजायचं आणि दर पंधरा मिनिटांनी खाली रेघ ओढून नवीन ओळ सुरू करायची. दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, टेम्पो, सायकल, प्रत्येकाला आपापला रकाना, चार उभ्या रेघा की पाचवी तिरकी. शेजारच्या खुर्चीत प्लॅनिंग शिकणारा एक मुलगा होता, त्याच्याकडे दुचाक्या कारण तरुण बोटं भराभर चालतात, आणि माझ्याकडे सायकली, कारण मी सायकलवाल्या काकू. तेवढ्यात उताराकडून एक माणूस आला, सायकल हातात धरून, चालत. मागे दोन्ही बाजूंना, कॅरियरवर, मधल्या दांडीवर, हँडलला, जिथे म्हणून अडकवता येईल तिथे शहाळी. सायकल दिसतच नव्हती, दोन चाकांवर एक हिरवा ढीग सरकतोय आणि त्याच्या आडून एक मफलर गुंडाळलेलं डोकं. मी सायकलच्या रकान्यात रेघ मारली. मुलगा म्हणाला, काकू तो चालवत नाहीये, पादचारी झाला ना तो. मी म्हटलं, अरे हातात सायकल आहे. तो म्हणाला, पण पादचाऱ्यांचा तक्ता फक्त रस्ता ओलांडणाऱ्यांचा आहे, हा तर सरळ चाललाय. मग त्याने त्याच्या सिनियरला फोन लावला, तिकडून झोपेतला आवाज आला, चालवत नाहीये ना, मग सोडा.

सोडला. मी मारलेली रेघ त्याने खोडरबराने नीट पुसली, आणि शहाळेवाला पुढच्या सिग्नलला डावीकडे वळून दिसेनासा झाला.

खरं तर विषय तिथंच संपायला हवा होता. पण मी पडले अकाउंट्सची बाई, गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या वह्या जुळवते, आणि आमच्याकडे असं काही सोडून देता येत नाही. पैसे आलेत पण कुणाचे कळत नाही, तर ते सस्पेन्स खात्यात टाकायचे, मार्चच्या आत त्याचा छडा लावायचा, नाहीतर ऑडिटर डोक्यावर बसतो. इथे एक अख्खा माणूस, एक अख्खी सायकल आणि पन्नासेक शहाळी भर चौकातून गेली आणि कागदावर गेलीच नाहीत. दिवसभर ऑफिसात मला ते पुसलेल्या रेघेचं करडं बोट दिसत राहिलं. असं होतं कधीकधी, मोठमोठ्या गोष्टी विसरतो आपण आणि भलतंच काहीतरी कुसळासारखं रुतून बसतं.

या भानगडीत मी पडले ती काही फार उदात्त हेतूने नाही. आमच्या भागातला एक रस्ता नव्याने करायचा होता, म्हणजे फुटपाथ रुंद, पार्किंगला जागा, सायकल ट्रॅक वगैरे, आणि त्यासाठी आधी मोजणी करायची तर माणसं कमी पडत होती. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, सायकल चालवणारे नागरिक हवेत. आमच्या ग्रुपवर सायकल चालवणारे म्हणजे दोन प्रकार, एक पहाटे साडेपाचला जर्सी घालून सिंहगड पायथ्याला जाणारे आणि दुसरी मी. माझी साधी लेडीज सायकल आहे, पुढे बास्केट, त्यात डबा आणि पर्स, ऑफिस जवळ आहे म्हणून जाते. लोकांना ते पटत नाही. कुणी विचारतं, डाएट का, कुणी विचारतं, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय का, एकदा तर बँकेतल्या ओळखीच्या बाईंनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना घरी. तर मी हो म्हटलं, म्हटलं बघू तरी हे लोक ठरवतात कसं, कारण रोज त्या रस्त्यावर चेंबरच्या झाकणावरून दणका बसला की मी ज्या कुणाला शिव्या घालते तो माणूस दिसतो कसा याची मला फार उत्सुकता होती.

मोजणी मुळात आठ ते अकरा आणि पाच ते आठ अशीच होणार होती. गर्दीचे तास म्हणे. त्यावरून पहिला वाद झाला. आम्ही दोघी-तिघींनी सांगितलं की अहो सायकली आठच्या आत निघून जातात, सहा ते साडेसातला या बघायला. एरवी इतकी वर्षं त्या चौकातून गेलेय पण खुर्ची टाकून बसल्यावर जे दिसलं ते आधी कधी दिसलं नव्हतं. आधी पेपरवाली पोरं, मग दूधवाले, मग रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन, डोळे तांबारलेले, कॅरियरला स्टीलचा रिकामा डबा. त्यांच्याच उलट दिशेने दिवसपाळीचे वॉचमन. मग घरकामाच्या बायका, त्यातल्या बऱ्याच चालत पण दोन-चार सायकलवर, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि त्या सगळ्या राँग साइडने, कारण दुभाजक एवढा लांब आहे की नियमाने जायचं तर आधी उलटं पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यावं लागतं. रंगारी, बादलीत ब्रश आणि खांद्यावर शिडी. इडलीवाला अण्णा, त्याच्या पितळी भोंग्याचा आवाज आधी आणि तो मागून. हे सगळं पावणेआठच्या सुमाराला आटतं आणि मग स्कूलबसा, कार आणि ऍक्टिवा यांचं राज्य. म्हणजे गर्दीचा तास कुठला हे मोटारींवरून ठरवलं असतं तर आमच्या चौकात सायकली जवळपास नाहीतच असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो कागदावर अगदी बरोबरही दिसला असता.

राँग साइडवाल्यांनाही रकाना नव्हता बरं का. तक्त्यावर दोनच बाण, या दिशेने आणि त्या दिशेने, डांबराच्या आपापल्या अर्ध्या भागातून. मी मागच्या बाजूला पेन्सिलने वेगळं लिहून ठेवलं.

त्या मुलाने नंतर मला एक पुस्तिका पाठवली, वाचायला सांगितली, आणि मी खरंच वाचली म्हणून त्याला धक्काच बसला. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून संस्था आहे, रस्त्यांची मापं आणि नियम तीच लिहिते, तिची शहरातल्या रस्त्यांवर किती वाहनं मावतात हे काढायची १९९० सालची पुस्तिका. त्यात प्रत्येक वाहनाची मोटारीच्या हिशोबात किंमत केलेली आहे. मोटार म्हणजे १. सायकल ०.४ ते ०.५. ट्रक-बस २.२ ते ३.७. टांगा १.५ ते २. आणि हातगाडी २ ते ३! मला आधी गंमत वाटली, भाजीची हातगाडी ढकलणारा माणूस दोन-तीन मोटारींएवढा, वा, कुठेतरी मान आहे म्हणायचा. मग कळलं की ही किंमत त्याची नाहीच, तो बाकीच्यांना किती अडवतो त्याचा हिशोब आहे तो. हळू चालतो, जागा खातो, म्हणून तीन. आणि साठ माणसं घेऊन जाणारी बस आणि एकटा माणूस बसलेली मोटार यांच्यात फरक फक्त जागेचा, माणसांचा नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारचं शहरी वाहतुकीचं राष्ट्रीय धोरण आलं त्यात चांगलं स्वच्छ लिहिलंय की वाहनं हलवायची नाहीत, माणसं हलवायची आहेत. धोरण माणसं म्हणतं आणि चौकातला तक्ता मोटारी. यात कुणी खलनायक नाहीये, तक्ता बनवणाऱ्याला रस्त्याची क्षमताच काढायची असते, त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. पण पुढे तोच कागद सभेत फिरतो आणि लोक त्याच्याकडे बघून म्हणतात, सायकली आहेतच कुठे.

२०११ च्या जनगणनेत लोकांना विचारलं होतं की कामाला कसे जाता. शेती सोडून बाकीची कामं करणाऱ्यांपैकी देशभरात साधारण १३ टक्के लोक सायकलने जात होते, आणि स्कूटर-मोटरसायकलवाले त्याहून किंचित कमीच. मी ऑफिसात हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. पण तिथेही प्रश्न कामावर जाण्याचा होता, म्हणजे शाळेत जाणारी पोरगी नाही, दळण घेऊन जाणारी बाई नाही.

बाबांना मी हे सगळं सांगायला गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, खडकीच्या ऍम्युनिशन फॅक्टरीत होते, आणि पुणे म्हणजे सायकलींचं शहर वगैरे जे सगळे सांगतात ते त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातला उमाळा मला ऐकू येत नाही, तपशील मात्र येतात. पँटच्या पायाला लावायची स्टीलची क्लिप. महापालिकेचा कर भरला की मिळणारा बिल्ला, तो सायकलला लावलेला नसला तर पकडायचे. डबलसीट पकडायचे. दिवा नसला तरी पकडायचे, मग लोक पोलिस दिसला की उतरून सायकल हातात धरून चालायचे, कारण चालत असलास तर दिव्याचा नियम लागू नाही! हे सांगताना बाबा दरवेळी तसंच हसतात. या खेपेला मात्र मी हसता हसता थांबले, म्हणजे हातात धरलेली सायकल ही सायकल आहे का नाही हा प्रश्न तेव्हाच्या हवालदारालाही पडलेला होता आणि त्याने तो सायकलवाल्याच्या बाजूने सोडवला होता. मग बाबा म्हणाले, पण तुम्ही मोजताय कशाला? भोंगा झाला की फाटकातून जे सुटायचं ते मोजायला कोण बसणार होतं. आणि मग लगेच स्वतःच म्हणाले, स्कूटरचा नंबर लागला त्या दिवशी पेढे वाटले होते मी. वर्षानुवर्षं बुकिंग करून थांबायचे लोक तेव्हा बजाजसाठी. त्यांची जुनी सायकल आमच्या वाड्याच्या बोळात भिंतीला टेकून गंजत गेली आणि तिच्याविषयी मी तरी त्यांना कधी हळहळताना ऐकलेलं नाही. हळहळ आम्हाला, जे स्कूटरवर पुढे उभं राहून मोठे झालो.

सभेबद्दल लिहायला हवं. सभा क्षेत्रीय कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, दुपारी, पंखा फुल्ल आणि त्याखाली नकाशे उडू नयेत म्हणून ठेवलेले पेपरवेट, चहा, क्रीमची बिस्किटं. पुण्यात सायकलवर कागद कमी झालेत असं कुणी म्हणू नये. २००६ नंतर बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गांबरोबर, ट्रॅक आले, त्यांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, मधे झाड, मधे विजेचा डीपी, मधे पाणीपुरी. मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये अख्खा सायकल आराखडा महापालिकेच्या मुख्य सभेने मंजूर केला, आठशे किलोमीटरच्या वर जाळं, नकाशावर इतकं देखणं दिसतं की फ्रेम करून लावावं. त्याच सुमाराला त्या भाड्याच्या पिवळ्या-नारिंगी सायकली आल्या, फुटपाथवर ओळीने उभ्या राहिल्या, आणि जशा आल्या तशा गेल्या. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, मग बराच काळ प्रशासक, त्यामुळे आपलं गाऱ्हाणं नेमकं कुणाच्या दारात घेऊन जायचं हेही कळेना. आता एवढं सगळं बघितलेली माणसं जेव्हा सायकल ट्रॅकच्या सभेला येऊन बसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव असतो, लग्नाला आलेल्या पण मुलाकडच्यांना आधीपासून ओळखणाऱ्या पाहुण्यांचा.

कन्सल्टंटने स्क्रीनवर चित्र लावलं, रस्ता झाल्यावर कसा दिसेल त्याचं. हिरवीगार झाडं, गुळगुळीत लाल ट्रॅक, त्यावर हेल्मेट घातलेला एक उंच गोरा मनुष्य आणि फुटपाथवर कुत्रं घेऊन चाललेली सोनेरी केसांची बाई. या माणसांना मी आता ओळखते, प्रत्येक प्रकल्पात हीच असतात, बहुधा कॉम्प्युटरमध्ये तयार मिळतात. त्या चित्रातल्या पुण्यात एक रिक्षा नव्हती. मी तेवढ्यासाठी हात वर करणार नव्हते, पण मग ट्रॅकच्या तोंडाशी ओळीने काळे ठिपके दिसले, म्हणून विचारलं की हे काय. बोलार्ड, मॅडम. लोखंडी खांब, म्हणजे दुचाक्या आत शिरू नयेत. गॅप किती ठेवणार? ते म्हणाले, सायकल आरामात जाईल एवढी. जर्सीवाले आमचे मित्र म्हणाले, ओके आहे, आमची जाते. तेव्हा मी ते शहाळ्याचं काढलं. म्हटलं, दोन्ही बाजूंना माल लावलेली सायकल जाईल का यातून?

खोलीत दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग ज्युनिअर इंजिनियर, म्हणजे जेई साहेब, तरुण आहेत, सभेत सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, "मॅडम, एवढी गॅप ठेवली तर ऍक्टिवा जाते."

आता यावर काय बोलणार? खरंच आहे ते. मला आधी वाटत होतं की वरच्या खोलीत बसलेल्यांना सायकलवाल्याची फिकीर नाही, प्रश्न एवढाच आहे, आपण जाऊन सांगितलं की सुटेल. पण हा माणूस बरोबर बोलत होता, आणि मीही. ट्रॅक पुस्तकाप्रमाणे कमीत कमी दोन मीटर रुंद करायचा आणि तोंडाशी खांब लावून तो अर्ध्या मीटरच्या फटीपुरता ठेवायचा, की खांब काढायचे आणि पहिल्याच आठवड्यात त्यावरून डिलिव्हरीवाल्यांची रांग बघायची. व्हीलचेअरचंही तेच. जर्सीवाल्यांपैकी एकाने तर स्पष्ट सांगितलं, मला ट्रॅकच नको, मी ताशी पस्तीसने जातो, मला मेन रोडवरच बरं. म्हणजे सायकलवाल्यांचं म्हणणं काय असं जेव्हा अध्यक्षांनी विचारलं तेव्हा आमच्या चौघांची चार म्हणणी होती, आणि ज्यांच्यासाठी म्हणून आम्ही भांडत होतो त्यातलं तिथे कुणीच नव्हतं, कारण ते सगळे त्या वेळेला कामावर होते. दुपारी तीनला सभेला कोण येऊ शकतं? रिटायर्ड माणसं, ज्यांच्या नावावर दुकान आहे अशी माणसं, आणि अर्धी रजा टाकून आलेली मी.

दुकानदारांबद्दलही दोन शब्द, कारण आमच्या ग्रुपवर त्यांना फार बोलतात. पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल ही त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. तिथल्या एका स्टेशनरीवाल्या काकांनी मला सभेनंतर जिन्यात थांबवून विचारलं, तुम्ही स्वतः खरेदीला सायकलवर जाता? मी म्हटलं, हो, तुमच्याकडूनच रजिस्टरं घेते. ते जरा थांबले, म्हणाले, हां, बास्केटवाली. मग पटलं असं नाही, पण नमस्कार करतात आता.

दोनेक आठवड्यांनी मी शहाळेवाल्याला गाठला. अवघड काही नव्हतं, तो रोज हॉस्पिटलच्या फाटकाजवळ उभा असतो, मीच कधी त्याच्याकडून शहाळं घेतलं नव्हतं. एक मलईवालं घेतलं, पीत पीत सांगितलं की दादा, एक विचित्र काम आहे, तुमच्या सायकलची रुंदी मोजायचीय. तो घाबरला. मी पालिकेची आहे असं त्याला वाटलं, अतिक्रमणवाली, आणि त्याचा हात आपोआप कोयत्यावरून उठून स्टँडकडे गेला, निघायच्या तयारीत. बरंच समजवावं लागलं. मग त्याने स्वतःच टेपचं दुसरं टोक धरलं. त्याच्या शेजारी कुणाची तरी ऍक्टिवा लावलेली होती, तिचंही माप घेतलं, हँडलपासून हँडलपर्यंत. शहाळी जास्त भरली. जेईचं म्हणणं होतं त्याच्याही पलीकडची परिस्थिती, म्हणजे याला जाऊ द्यायचं तर ऍक्टिवा काय, तिच्यावर मागे सिलिंडर घेऊन बसलेला माणूसही जाईल.

पण त्याने एक गोष्ट सांगितली ती मला कुठल्याच पुस्तिकेत मिळाली नसती. मी विचारलं, सकाळी चालत आणता, त्रास होत असेल. तो म्हणाला, "जाताना चालत, येताना चालवत. रात्री काय, रिकामीच असते." सकाळी मार्केटातून माल भरून ढकलत आणायची आणि रात्री नऊ-साडेनऊला त्याच सायकलवर टांग टाकून घरी. म्हणजे सकाळी जो पादचारी म्हणून पुसला गेला तो रात्री पक्का सायकलवाला, फक्त तेव्हा आमची मोजणी आठलाच संपलेली. आणि मग म्हणाला, ट्रॅक-बिक ठीक आहे हो, मला तो तिथला उतार त्रास देतो, फुटपाथच्या तोंडाचा, एकदम उभा आहे, माल भरला की चाक चढत नाही, मागून कुणाला तरी हात लावायला सांगावं लागतं. रोज कुणीतरी लावतं हात. कोण लावतं? लावतात कोणीतरी, वॉचमन, पेपरवाला, एकदा एक डॉक्टर पण.

मी तो उतार किती वेळा ओलांडला असेन. हलक्या सायकलला तो कळतच नाही.

रस्ता झाला, अर्धा तरी झाला. ट्रॅक आहे. खांबांचा निकाल असा लागला की दोन्ही तोंडांना खांब लावले, पण हॉस्पिटलच्या बाजूच्या तोंडाला एक खांब कमी. हे अधिकृतपणे कुणी ठरवलं नाही, मिनिट्समध्ये नाही, ड्रॉइंगमध्ये नाही, जेईंनी काम चालू असताना ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं, हा राहू दे. आणि हो, त्या फटीतून ऍक्टिवा जातात. रोज जातात. आमच्या ग्रुपवर त्याचे फोटो येतात, बघा पालिकेचा निष्काळजीपणा, आणि मी काही लिहीत नाही. शहाळेवालाही जातो. ऍक्टिवावाला मागून हॉर्न मारतो तेव्हा तो बाजूला होतो आणि ते बघितलं की मला दोन्ही वाटतं, की बरं झालं आणि की हे आपण काय केलं. जर्सीवाले मेन रोडने पस्तीसने जातात. मी ट्रॅकवरून जाते, मधे तीन ठिकाणी उतरते कारण मधे गाड्या लावलेल्या असतात, त्यात एकदा आमच्याच सोसायटीची.

उताराचं मात्र राहून गेलं होतं. तो त्या प्रकल्पाच्या हद्दीत येत नाही म्हणाले, दहा पावलं बाहेर आहे. तर मग नागरिकांच्या सूचनेचा फॉर्म भरायचा ठरवला. पुण्यात हे २००६ पासून आहे, दरवर्षी बजेटच्या आधी आपल्या भागातलं छोटं काम सुचवता येतं, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, मंजूर झालं तर अंदाजपत्रकात येतं. मी घरून व्यवस्थित लिहून नेलं होतं, सुवाच्य अक्षरात, कामाचे नाव, मालवाहू सायकलींसाठी उताराची सुधारणा. जेई साहेब जिन्यात भेटले, त्यांनी फॉर्म हातात घेतला, वाचला, आणि म्हणाले, मॅडम, असं नका लिहू. सायकल लिहिलं की हा कागद प्रकल्पवाल्यांकडे जाणार, ते म्हणणार आमच्या हद्दीत नाही, परत येणार. तुम्ही पदपथ दुरुस्ती व अनुषंगिक कामे लिहा, त्याला हेड आहे, पैसे पण आहेत.

त्याला हेड आहे, म्हणजे बजेटमध्ये त्या नावाचं खातं आहे. हे वाक्य मी ऑफिसात दिवसातून चारदा बोलत असेन. मी तिथेच कठड्यावर कागद ठेवून नवीन फॉर्म भरला, पदपथ दुरुस्ती व अनुषंगिक कामे, आणि सही केली. म्हणजे तो माणूस पुन्हा एकदा कागदावरून गायब, या वेळी माझ्याच अक्षरात आणि त्याच्या भल्यासाठी. मला ते आवडलं नाही. पण उतार होणार असेल तर माझ्या आवडीनिवडीचं काय घेऊन बसायचं. आवक खिडकीत पोच मागितली तर तिथल्या बाई म्हणाल्या शिक्का सरांच्या टेबलावर आहे, सर जेवायला गेलेत, म्हणून अर्धा तास बाकावर बसून राहिले.

शिक्का मारून घेतल्यावर परत जेईंच्या टेबलाशी गेले. म्हटलं, साहेब, साइट व्हिजिट लागेल ना एस्टिमेटला? ते म्हणाले, लागेल, येतो ना एखाद्या दिवशी अकरा-बाराला. मी म्हटलं, अकराला नको, तेव्हा त्या उतारावर काहीच दिसणार नाही, साधा उतार दिसेल. सकाळी सहाला या, माल चढतो तेव्हा. ते हसले. मला वाटलं झालं, आता हा विषय इथेच मिटला, कारण सरकारी माणसाला सकाळी सहाला बोलावणारी मी कोण. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं, दोन-तीन तारखांवर बोट फिरवलं.

"सहाला नाही जमणार मॅडम, पोरीची स्कूलबस सव्वासहाला असते. साडेसहाला चालेल का? आणि तुमच्याकडे टेप आहे ना, तो घेऊन या, इथला तुटलाय."